चार स्क्रूंचं काम

३ जून

चि. सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून लिहीत नाही.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं, आणि तेही एका पानाचं. त्यात आम्हा दोघांची चौकशी दीड ओळीत आटपलीस आणि उरलेल्या पानभर कॉम्प्युटर. तक्रार करत नाही. फोनवर तर आपलं तेवढंही होत नाही. मी 'हॅलो' म्हणतो, तू म्हणतेस, "सासूबाईंना देता का?" मी देतो.

खारू सात वर्षांची झाली आणि परवा तिने विचारलं, "बाबा बोलायचा कसा?" तुला पटकन सांगता आलं नाही, असं लिहिलं आहेस. ती ओळ मी हिला वाचून दाखवली नाही.

तो दर रविवारी सकाळी तिला मांडीवर घेऊन टेबलापाशी बसायचा आणि व्हिडिओ काढायचा, ते सगळे या मशीनच्या डिस्कमध्ये आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. त्याचा फोन त्याच्याबरोबरच गेला, अपघाताच्या जागी तुकडेसुद्धा मिळाले नाहीत. तेव्हा तुझं मागणं रास्त आहे. कॉम्प्युटर राहू द्या, आतली डिस्क तेवढी पाठवा, कुणीही काढून देईल, चार स्क्रूंचं काम आहे, असं तू लिहितेस.

सूनबाई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं वायरी बांधल्या मी. चार स्क्रू मला कुणी शिकवायला नको. पण तेरा वर्षांची डिस्क पार्सलात घालून पाठवायची म्हणजे काय, पार्सलवाले कसे फेकतात ते तू पाहिलं आहेस. आणि मशीनमधून फाइली बाहेर काढायच्या तर पेनड्राइव्ह लावायची त्याची जुनी खोबण मुंगीच्या पावलानं चालते. म्हणून मी ठरवलंय की त्यात नवी कार्डं बसवायची. आत तीन खाचा रिकाम्या आहेत. "अप्पा, पुढे लागतील," म्हणून त्यानेच ठेवलेल्या. एकदा मशीन सुधारलं की तुम्ही दोघी शाळेच्या सुट्टीत या, इथेच त्याच्या टेबलापाशी बसून बघा. जाताना डिस्क घेऊन जा.

तू निघालीस त्या दिवशी मी मशीनसमोर आडवा उभा राहिलो आणि "याला कुणी हात लावायचा नाही" म्हणालो, ते तू अजून मनात धरून आहेस असं दिसतं. ते मी धुळीच्या संदर्भात म्हणालो होतो.

अप्पा

१९ जून

चि. सूनबाई,

पहिलं कार्ड बसलं. जलद खोबणीचं, बोटाएवढं. बाजारातल्या कार्डवाल्याकडून आणलं. हा माणूस कार्डांखेरीज काही विकत नाही आणि गिऱ्हाइकाला शहाणं समजत नाही. मला म्हणाला, "काका, पेटी तेरा वर्षांची आणि कार्ड कालचं. बघा बुवा, सून सासूला चालते का." मी म्हटलं, आमच्या घरी सासू-सुनेचं बरं चालायचं, अडचण सासऱ्याची होती. तो हसला नाही.

डावीकडचा पत्रा काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा. धूळ होतीच, पण त्याखाली वायरींची जुडी पाहिली आणि स्टुलावर बसलो. तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आम्ही एक्स्चेंजमध्ये वायरी मेणाच्या दोऱ्यानं बांधायचो, बोटभर अंतरावर एक गाठ. हल्ली प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, ही कला गेली. तो दहा वर्षांचा असताना मी त्याला ती शिकवली होती. डावखुरा असल्यामुळे त्याची गाठ उलटी बसायची, आणि मी ती दर वेळी सोडायला लावायचो. तर हे मशीन त्यानं आतून पूर्ण त्या दोऱ्यानं बांधलंय. बत्तीस गाठी दिसतात, पुढे जुडी बोर्डामागून उजव्या बाजूला जाते, तिथल्या वेगळ्या. सगळ्या उलट्या, आणि एकही सैल नाही.

कार्ड लागलं, मशीन सुरू झालं. मी एकच व्हिडिओ उघडला, चालतो का बघायला. चित्र अडखळत होतं. तोंड एका जागी थांबलेलं आणि आवाज पुढे निघून गेलेला. तो म्हणाला, "ए, इकडे ये बघू," बहुतेक खारूला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही हात पुसत आली आणि मला म्हणाली, "काय हो, हाक मारलीत?"

मी म्हटलं, नाही. मग तिलाही कळलं. आमचे आवाज सारखे, हे जुनंच आहे. एक्स्चेंजमधले लोक घरी फोन करायचे आणि त्यालाच मी समजून ड्यूटीचं सांगत बसायचे, तोही हो हो म्हणायचा, लबाड. ही पुन्हा आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

मी लगेच बंद केलं. पुढचं तुमच्याबरोबरच बघायचं. पण असं अडखळत नको, खारूला बाबा असा तुटक दिसायला नको. चित्रासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड घालतो. पंधरा दिवसांचं काम.

अप्पा

६ जुलै

चि. सूनबाई,

"अप्पा, पुरे झालं. डिस्क पाठवा." एवढंच लिहायला तू पाकीट का वाया घालवतेस? घाईनं कामं बिघडतात. मी निगुतीनं करतोय.

ग्राफिक्स कार्ड आलं. नाकापेक्षा मोती जड. दोन पंखे, वीतभर लांब, आणि खाचेत बसवायला गेलो तर त्याचं टोक डिस्कच्या घरावर आपटायला लागलं. मग डिस्क काढली, घर हलवलं आणि डिस्क एक मजला खाली बसवली. त्या भानगडीत सकाळ गेली. तरी सुरू केलं तर तीन वेळा पीं पीं, आणि पडदा काळा. कार्डवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, नव्या कार्डाची भूक मोठी असते, जुन्या सप्लायला झेपत नाही." म्हणजे आता वीज पुरवणारी पेटीही बदलणं आलं. हत्ती गेला, शेपूट राहिलं. मागवली आहे.

इकडे तयारी झाली आहे. सुतारानं खारूसाठी बुटकी खुर्ची केली. हिनं पडदे धुतले आणि तुमच्या खोलीतली माझी वर्तमानपत्रं हलवली. वीस तारखेपासून शाळेला चार दिवस सुट्टी आहे ना? एकवीसची तिकिटं काढ. मी स्टँडवर येतो.

अप्पा

१५ जुलै

चि. सूनबाई,

मशीनचं थोडं काम राहिलं आहे. तिकिटं काढली असशील तर रद्द केलीस तरी चालेल. सध्या इथे पाऊस फार आहे आणि नळाला पाणी गढूळ येतं. हिचा गुडघा दुखतो. हिला फोन केलास तर गुडघ्याचं विचार, मशीनचं विचारू नकोस, तिला त्यातलं काही कळत नाही.

खारूला खुर्चीचं सांगू नकोस.

अप्पा

२ ऑगस्ट

चि. सूनबाई,

हिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. तू फोनवर विचारलंस, तेव्हा तिनं तुला "त्यांनाच विचार" म्हटलं, आणि मला म्हणाली, "मी तुमच्या वतीनं खोटंही बोलणार नाही आणि खरंही. तुम्ही केलंत, तुम्ही लिहा." लिहितो.

डिस्क जळली. मी जाळली.

कशी, ते आधी सांगतो, कारण तेवढं मला सांगता येतं. नव्या सप्लायला बोर्डाच्या वायरी जडवलेल्याच होत्या. डिस्कची वायर तेवढी काढघालीची, तिची नवी वायर खोक्यात वेगळी दिली होती. ती घालायची तर जुनी काढायला हवी, आणि जुनी त्याच्या जुडीत बांधलेली. म्हणजे उजवीकडचा पत्रा उघडून गाठी कापायला हव्या होत्या. मी कात्री हातात घेतली होती. पहिल्या गाठीखाली तिचं टोक घातलंही होतं. नाही कापवली. म्हटलं, जुनीच वायर नव्या सप्लायला लावून बघू. खोबण बघितली तर तीच, सहा टोकांची. खट्ट करून बसली. इतकी छान बसली की मला आनंद झाला.

खोबण तीच असली तरी आतल्या वायरींचा क्रम दर कंपनीचा वेगळा असतो, हे मला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं मी एका रंगाची वायर दुसऱ्या रंगाला लावली नाही. बटण दाबलं. पंखे फिरले. जळका वास आला, अगदी थोडा, आणि पडद्यावर चित्र आलं. लख्ख आलं. कार्डाचं काम चोख होतं. लख्ख पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, डिस्क सापडत नाही.

कार्डवाल्याकडे नेली. तो पहिल्यांदाच मला शहाणं समजून बोलला, म्हणजे काहीच बोलला नाही. त्यानं पत्ता दिला, तिथे बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढतात. त्यांनी दहा दिवस ठेवून घेतली. मी रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचो. तिथली बाई बिचारी मला पाणी द्यायची. शेवटी तिनं समोर बसवून सांगितलं की आतलेही भाग गेलेत, वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. मी विचारलं, एखादी तरी? ती म्हणाली, "काका, एकही नाही."

हे झालं कसं, त्याचं. आता का, ते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

एक. जलद खोबणीचं कार्ड १९ जूनलाच चालू झालं होतं. त्याच दिवशी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवता आल्या असत्या. कार्डवाल्यानं सांगितलंही होतं, "काका, आधी कॉपी काढा, मग खेळा." तासाभराचं काम. मी मुद्दाम केलं नाही. कॉपी झाली असती, तर ती तुला पाठवावी लागली असती. मग तुम्ही इथे कशाला आला असतात?

दोन. ग्राफिक्स कार्ड आपटत होतं म्हणून डिस्क खाली बसवली, असं मी एका ओळीत लिहिलं होतं. त्यात चार स्क्रू काढले, सूनबाई. डिस्क माझ्या हातात होती. टेबलावर तुझं पत्र होतं, त्यावर तुझा पत्ता होता. मी ती तशीच हातात धरून किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही. मग मी ती परत आत बसवली आणि चारही स्क्रू आवळले.

तीन. धुळीच्या संदर्भात वगैरे काही नव्हतं. तू मुलीला घेऊन निघाली होतीस, आणि तुला थांबवायला माझ्याजवळ त्या पेटीशिवाय काही नव्हतं. तेव्हाही तेच, आत्ताही तेच. माझ्या मुलाचा मी ओलीस म्हणून उपयोग केला, असं ही म्हणाली. बोलणं टाकायच्या आधीचं ते शेवटचं वाक्य.

अजून एक आहे. ते लिहायला मला चार दिवस लागले.

डिस्क गेल्यावर, वरातीमागून घोडं, मी उजवीकडचा पत्रा उघडला. त्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता. त्याचं अक्षर. डावीकडे झुकलेलं. जसंच्या तसं उतरवतो:

"अप्पा, हा पत्रा उघडलात म्हणजे तुम्ही सप्लाय बदलताय. जुन्या वायरी नव्या सप्लायला लावायच्या नाहीत. खोबण तीच असते, आतला क्रम वेगळा असतो, डिस्क जळेल. तुम्हाला गाठी तोडवणार नाहीत हे मला माहीत आहे. तोडा. दोरा कापा. गाठी मी परत बांधून देईन."

खाली तारीख आहे. खारूच्या जन्माच्या आदल्या महिन्याची.

सात वर्षं तो कागद तिथे होता. एका पत्र्यापलीकडे. त्यानं मला सांगून ठेवलं होतं, माझं नाव घेऊन, मी काय चूक करीन तेही सांगून, आणि मी फक्त डावी बाजू उघडली.

डिस्क या पत्राबरोबर पाठवतो आहे. तू मागितली होतीस. ती आता कशाच्याही उपयोगाची नाही, पण ती तुझी आहे आणि ती मी दोन महिन्यांपूर्वी पाठवायला हवी होती. चार स्क्रू कागदाच्या पुडीत वेगळे घातले आहेत.

खारूला काय सांगायचं ते तू ठरव. आजोबांनी केलं, असं सांगितलंस तरी ते खरंच आहे. माफी मागत नाही, कारण मागितली की तुला द्यावी की न द्यावी हा विचार करावा लागेल, आणि तो त्रास मला तुला द्यायचा नाही.

अप्पा

२६ ऑगस्ट

चि. सूनबाई,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते अंगणाच्या पायरीवर बसून वाचलं, मग हिला नेऊन दिलं. हिनं वाचलं, चष्मा काढला, आणि सव्वीस दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "चहा घेणार का?" म्हणाली.

तू रागावली आहेस आणि हा राग लवकर जाणार नाही असं लिहिलंस, ते बरं केलंस. "जाऊ दे अप्पा" असं लिहिलं असतंस, तर ते मला पेललं नसतं. डिस्क तुझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवलीस, तेही वाचलं.

पुढचं मात्र मला चार वेळा वाचावं लागलं. तू लिहितेस, "तुम्ही लपवलेलं सांगितलंत, म्हणून मीही सांगते. तुम्ही फोनवर 'हॅलो' म्हणता ते अगदी तो म्हणायचा तसं. मला ते सहन होत नाही, म्हणून मी लगेच सासूबाईंना मागते. घरातून निघाले तीही थोडी म्हणूनच. तुम्ही दुसऱ्या खोलीतून बोललात की माझा जीव दारात जायचा. खारूलाही मी तुमच्याशी बोलू दिलं नाही. ती विचारेल, बाबा आहे का, ही भीती."

मी इकडे समजत होतो की तू माझ्या बोलण्यावर रागावून गेलीस. माझ्या आवाजामुळे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हिच्या आलं होतं म्हणे. त्या दिवशी नळ उघडून उभी होती तेव्हाच. मग मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, "सांगून तुम्ही काय आवाज बदलणार होतात?"

रविवारी सकाळी दहाला फोन करा, मी उचलून सरळ तिच्या हातात देईन, असं तू लिहिलं आहेस. तिला सांगितलं आहेस की बाबा आजोबांसारखा बोलायचा. करीन. दहा म्हणजे दहा, एक्स्चेंजच्या घड्याळानं. तू 'हॅलो' ऐकू नकोस, फोन कानाला न लावताच तिला दे. तू तिला देईपर्यंत मी गप्प राहीन.

काय बोलायचं याचा विचार करत होतो. माझ्या मनचं काही सांगितलं तर ते आजोबांचं होईल. म्हणून मी तिला तो कागद वाचून दाखवणार आहे. सप्लाय, वायर, खोबण, तिला त्यातलं काही कळणार नाही, पण शब्द सगळे त्याचे आहेत, त्यातला एकही माझा नाही. आवाज तेवढा मी पुरवायचा.

चार दिवस सराव करतोय. ही समोर बसते आणि चुका काढते. तो 'अप्पा' म्हणताना शेवटचा 'पा' जरा ओढायचा, ते मला बरोबर जमत नव्हतं, परवापासून जमतंय. काल मी दाराआडून वाचलं, तर ही उठून माझ्या हाताला हात लावून गेली.

"दोरा कापा" इथपर्यंत नीट होतं. त्याच्या पुढच्या वाक्याला मात्र दर वेळी आवाज चिरतो. आणि चिरला की तो त्याचा राहत नाही, नुसता म्हाताऱ्या माणसाचा होतो. आज सकाळपासून अकरा वेळा म्हणून पाहिलं.

अजून तीन दिवस आहेत.

अप्पा